मुलाची आणि गल्लीतल्या कुत्र्याची गट्टी जमली, तर मोठ्यांनी करायची कामं

तुमचं मूल शाळेतून आलं की दप्तर टाकून गल्लीच्या टोकाला जातं, एका कुत्र्याशेजारी बसतं, खिशातून अर्धी भाकरी काढून त्याला देतं, आणि कुठं होतास म्हणून विचारलं की "हितंच" म्हणतं. असं तुमच्याकडे चाललं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आम्ही चंदगड तालुक्यातल्या गावातून बेळगावला, वडगावात राहायला आलो तेव्हा आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याचे बाबा उद्यमबागला कारखान्यात आणि मी दुकानात कामाला. शाळा सुटल्यापासून आम्ही घरी येईपर्यंतचा वेळ त्याचा एकट्याचा. जुने मित्र गावाकडे राहिले, नवीन अजून जमले नव्हते, कन्नड येत नव्हतं. त्यात त्याला एक काळा कुत्रा भेटला. गल्लीत सगळे त्याला करिया म्हणायचे, म्हणून आमचा मुलगाही करियाच म्हणायला लागला.

अशा वेळी आपल्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "हाकलून घाला त्या कुत्र्याला, चावेल एखाद दिवशी." दुसरा, "पोर आहे, खेळू दे की." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात मुलाचा एकुलता एक सोबती जातो, आणि दुसऱ्यात मूल रेबीजसारख्या जीवघेण्या आजाराच्या तोंडाशी एकटंच उभं राहतं. ही मैत्री टिकायला हवी असेल तर ती मोठ्यांनी अंगावर घ्यावी लागते. ती कशी, ते क्रमाने सांगते.

१. आधी नुसतं बघा

पहिले काही दिवस मुलाला काहीच विचारू नका. कुत्रा कुठला, कुठं झोपतो, त्याला आणखी कोण खायला घालतं, हे गल्लीत विचारा. पानपट्टीवाले, किराणा दुकानदार आणि सकाळी अंगणात सडा घालणाऱ्या बायका यांना गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचा इतिहास ठाऊक असतो. पूर्वी कुणाला चावलाय का, हा प्रश्न सरळ विचारा.

कुत्र्याच्या कानाला वरच्या बाजूला खाच आहे का, ते बघा. असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असणार. पण ती लस कायमची नसते, दरवर्षी द्यावी लागते. म्हणून खाच दिसली की निर्धास्त होऊ नका.

कुत्री असेल तर पिल्लं आहेत का, ते बघा. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो आणि साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, पिल्लं होतात. याच सुमारास शाळांना सुट्टी असते आणि पोरं पिल्लं उचलायला जातात. एरवी गरीब असलेली कुत्रीही पिल्लांजवळ हात आला की चावते. तेवढे दोन-तीन महिने मुलाला लांबूनच बघायला सांगा.

२. मुलाला एक वचन द्या, आणि ते पाळा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

मुलं कुत्र्याचा चावा लपवतात. रागावतील म्हणून लपवतातच, पण ज्याचा जीव कुत्र्यात अडकलाय ते मूल आणखी एका कारणासाठी लपवतं: सांगितलं तर कुत्र्याला घालवून देतील. आमच्या मुलाच्या पोटरीवर मला आंघोळीच्या वेळी ओरखडा दिसला. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "तेनं चावलं नाही आई, खेळताना लागलंय." म्हणजे उत्तर त्याने आधीच तयार ठेवलं होतं. ओरखडा दाताचा निघाला. त्याच संध्याकाळी दवाखान्यात जाऊन लस सुरू केली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण ३६ टक्के एकट्या भारतात होतात, हा आकडाही त्याच संघटनेचा. लक्षणं दिसायला लागल्यावर या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर मात्र तो टाळता येतो. म्हणजे सगळं काही मूल वेळेवर सांगतं की नाही, यावर येऊन ठेपतं. आणि ते सांगणार की नाही, हे तुमच्या धाकावर ठरत नाही, त्याला तुमचा भरवसा वाटतो की नाही यावर ठरतं.

म्हणून मुलाला जवळ बसवून स्पष्ट शब्दांत सांगा: "दात लागला, नख लागलं, जखमेवर चाटलं, काहीही झालं तरी मला त्याच दिवशी सांगायचं. तू सांगितलंस म्हणून कुत्र्याला कुणी घालवणार नाही, मारणार नाही. तुलाही मी रागावणार नाही."

हे वचन नुसतं मुलाची समजूत काढण्यासाठी नाही. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. चावताना ज्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात तो कुत्रा दहा दिवसांत आजारी दिसतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतरही तो नीट खातपीत, हिंडत असेल तर डॉक्टर पुढच्या डोसांचा विचार बदलू शकतात. कुत्र्याला पिटाळलं किंवा मारलं तर ही माहितीच हातातून जाते. तेव्हा घरातल्या मोठ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. रागाच्या भरात काठी उचलणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो.

आणखी एक भीती मोडून काढा. "कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं" हे आपल्या लहानपणी ऐकलेलं वाक्य आजही आज्जी-आजोबा मुलांना ऐकवतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. डोस थोडे असतात आणि सुईही बारीक. मुलाला हे माहीत असलं तर लपवायचं एक कारण कमी होतं.

३. मुलाला कुत्र्याचं बोलणं शिकवा

कुत्रा चावायच्या आधी बहुतेक वेळा सांगतो. आपल्याला ते कळत नाही इतकंच. संध्याकाळी मुलाबरोबर ओट्यावर बसा आणि दोघं मिळून कुत्र्याकडे बघा. शेपूट पोटाखाली घेतली, कान मागे गेले, भूक किंवा झोप नसताना जांभया देतोय, सारखी जीभ ओठांवरून फिरवतोय, मान तशीच ठेवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघतोय, अंग ताठ झालंय. याचा अर्थ "लांब राहा." गुरगुरला तर त्याला मारायचं नाही. गुरगुरणं ही सूचना असते. मार खाऊन गुरगुरायचं थांबलेला कुत्रा मग न सांगता चावतो.

मुलाने पाळायचे नियम आमच्याकडे आम्ही दारामागे लिहून लावले होते:

- खाताना, झोपलेला असताना, पिल्लांजवळ असताना हात लावायचा नाही.
- आपण त्याच्याकडे जायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं.
- मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाजवळ असते, म्हणून त्यांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे बसतात आणि तेच सगळ्यात धोक्याचे.
- डोक्यावरून नाही, छातीला किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं. तीन-चार सेकंद खाजवून हात काढायचा. परत जवळ आला तरच पुढे.
- दोन कुत्री भांडत असतील तर मध्ये पडायचं नाही, त्यातला एक आपला असला तरी.
- अनोळखी कुत्रा मागे लागला तर पळायचं नाही. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून झाडासारखं उभं राहायचं. पडलात तर पोट आत घेऊन, हातांनी कान आणि मान झाकून गप्प पडून राहायचं.

यातला शेवटचा नियम घरात खेळ म्हणून घोटून घ्या. ऐन वेळी सांगून उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा, कारण जीव लावणारी मुलंच यात सापडतात. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळून धावत सुटत नाही. काही कुत्री उलट गप्प होतात, अंधारात जाऊन बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. आणि मूल आपल्या दोस्ताच्या तोंडात हात घालून ते हाड काढायला जातं. "तो आजारी दिसला तर हात लावायचा नाही, मला बोलवायचं" हे वाक्य मुलाकडून पाठ करून घ्या.

४. मुलाला आधीच लस देता येते

हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. ज्या मुलांचा कुत्र्यांशी रोजचा संबंध येतो त्यांना चावा बसायच्या आधीच रेबीजची लस देता येते. भारतात हे तीन डोस असतात: पहिला दिवस (त्याला शून्य दिवस धरतात), सातवा दिवस आणि २१वा किंवा २८वा दिवस. बालरोगतज्ज्ञांकडे विषय काढा. यानंतर चावा बसलाच तर शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात आणि जखमेत द्यावं लागणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) टळतं. पण ते दोन डोस घ्यावेच लागतात. आधी लस झालीय म्हणून चावा सोडून द्यायचा नाही.

५. कुत्र्याची लस, जंतांचं औषध, नसबंदी

मोठ्या कुत्र्याला रेबीजची एक लस, मग दरवर्षी एक. पिल्लू असेल तर रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांचं असताना डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या आजारांची एकत्र लस आणि तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस. तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. पिल्लू लहान आहे म्हणून त्याच्यापासून रेबीज होत नाही, हा समज घातक आहे. पिल्लाच्या दातानेही होतो.

गल्लीतल्या कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं कसं, हा खरा प्रश्न. रिक्षावाले तयार होत नाहीत आणि कुत्राही. आधी काही दिवस खायला देताना गळ्यात मऊ दोरी अडकवायची आणि लगेच काढायची, असं करून त्याला सवय लावा. त्यापेक्षा सोपं म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनाच गल्लीत बोलावणं. दोन-तीन घरांनी मिळून आणखी कुत्र्यांची लस एकदम करून घेतली तर डॉक्टर यायला तयार होतात आणि खर्चही वाटला जातो. तालुक्याच्या गावी, म्हणजे खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागात, सरकारी पशु चिकित्सालयात सकाळच्या वेळी जाऊन विचारा. १९६२ या नंबरवर पशुसंवर्धन खात्याचा फिरता दवाखाना बोलावता येतो. तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुरांसाठी आहे, पण गावात आलेल्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल विचारायला काही हरकत नाही.

सुई देताना कुत्र्याला मोठ्या माणसानेच धरायचं, मुलाने कधीच नाही. घाबरलेला कुत्रा ओळखीच्या हातालाही चावतो. शिवाय मुलाने धरलेलं असताना दुखलं, तर कुत्रा पुढे मुलालाच बिचकतो. मुलाने तेव्हा घरात थांबावं आणि सगळं आटोपल्यावर बाहेर येऊन खाऊ द्यावा.

लसीचा असर यायला तीन-चार आठवडे जातात. तेवढे दिवस सगळे नियम दुप्पट काटेकोर.

आपल्याकडे पावसाळा मोठा असतो, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर विचारायलाच नको. या दिवसांत गोचीड फार होतात आणि त्यांच्यामुळे कुत्र्याला ताप येतो. गोचीड मुलाने हाताने ओढायचे नाहीत. मोठ्यांनी हातमोजे घालून, चिमट्याने कातडीलगत धरून काढायचे.

६. दात किंवा नख लागलंच तर

घड्याळ बघा आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून हे धुणं हाच पहिला उपचार. पंधरा मिनिटं खूप वाटतात, मूल रडतं, तरी थांबायचं नाही. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यातलं काहीही लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत.

नंतर सरळ सरकारी दवाखाना गाठा. नुसता हात लावला, खायला दिलं, धड कातडीवर चाटलं तर लसीची गरज नाही, धुतलं की पुरे. रक्त न येता ओरखडा किंवा दातांची हलकी खूण असेल तर लस. रक्त आलं असेल, किंवा जखमेवर, तोंडात, डोळ्यात लाळ गेली असेल तर लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. यातलं काय लागू होतं ते डॉक्टरांना ठरवू द्या, पण काय झालं ते त्यांना नेमकं सांगा.

सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असते. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते, पण इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. त्यासाठी तालुक्याला किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तिथं, जावं लागू शकतं. निघण्याआधी फोन करून विचारलं तर फेरी वाचते. पहिल्या डोसच्या दिवशी ते मिळालं नाही तर पुढच्या सात दिवसांच्या आत घेता येतं. त्यानंतर उपयोग नाही.

सीमाभागातल्या घरांना एक अडचण हमखास येते. मधला डोस नेमका गणपतीत किंवा जत्रेत येतो, आणि आपण चंदगडला, गडहिंग्लजला नाहीतर आजऱ्याला आजोळी असतो. डोस चुकवू नका. लसीचं कार्ड घेऊन तिथल्या सरकारी दवाखान्यात जा. राज्य बदललं तरी लस तीच आणि दिवसही तेच. फक्त पहिल्या दवाखान्यात लस कातडीत दिली की स्नायूत, ते कार्डावर लिहून घ्या.

आमच्या वेळी तिसऱ्या डोसला मुलगा कंटाळला तेव्हा मी त्याला जोसेफ माइस्टरची गोष्ट सांगितली. हाही नऊ वर्षांचाच होता. १८८५च्या जुलैत पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला बऱ्याच ठिकाणी चावे घेतले. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली आणि रेबीजची लस घेऊन तो जगला. मग टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर फिरायला नेऊन मुलाला सांगितलं की इथंही एके काळी देवीची लस बनायची. त्याला ते फार आवडलं.

७. खायला काय, कुठं, केव्हा

ज्वारीची भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडं ताक, स्वच्छ पाणी. चॉकलेट, कांदा, लसूण नको. द्राक्षं आणि बेदाणे कधीच नाहीत, त्यांनी कुत्र्याची किडनी जाते. अथणीकडचा बेदाणा आपल्याकडे घरोघरी असतो आणि मुलं तो मुठीने नेतात, म्हणून हे वेगळं सांगते. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून आतड्यात टोचतात. बिस्किटावर कुत्रा जगवू नका. कुंदा, करदंट ही मिठाई मुलानेच खावी.

रोज एकाच वेळी, एकाच जागी, भांड्यात घाला आणि खाऊन झालं की जागा धुवा. हातातून भरवायचं नाही. जागा शाळेच्या वाटेवर, जिन्यात किंवा मुलं खेळतात तिथं नसावी. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्येही हेच सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायला सांगितलं आहे. तेव्हा प्रभागात अशी जागा ठरलीय का, ते महापालिकेत विचारून घ्या.

८. गल्लीशी आणि कचेरीशी बोला

कुत्र्याला त्रास होतो तो बहुतेक शेजाऱ्याच्या तक्रारीतून, आणि तक्रार होते ती घाण, रात्रीचं भुंकणं आणि भीती यांमुळे. म्हणून तक्रारीच्या आधी आपणच जा. लस झाल्याचा कागद दाखवा. ज्यांच्या घरात बाळ आहे, म्हातारी माणसं आहेत, त्यांचं ऐकून घ्या. भीती वाटणाऱ्याला "काही करत नाही हो तो" म्हणू नका. त्यांच्या दाराशी कुत्रा जाणार नाही यासाठी तुम्ही काय कराल, ते सांगा.

नसबंदीसाठी महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये दिला तर कचेरीत काम लवकर हलतं. आमच्या समोरच्या अज्जींची नात कॉलेजला होती, तिने अर्धं पान लिहून दिलं. अर्जात गल्ली, प्रभाग, कुत्र्याचं वर्णन आणि "लस व नसबंदी करून याच जागी परत सोडावं" हे वाक्य असू द्या. नियमाप्रमाणे नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून नेला तिथंच परत सोडायचा असतो. रेबीज झालेला किंवा अंगावर येणारा कुत्रा याला अपवाद.

आणखी एक मोठा अपवाद आहे. ७ नोव्हेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथून हलवायची आणि परत तिथं सोडायची नाहीत. तुमच्या मुलाचा दोस्त शाळेच्या आवारातला असेल तर तो उद्या तिथं नसेल, हे गृहीत धरा. मग पुढचा प्रश्न आताच सोडवायला घ्या.

९. घरी आणायचा का?

मूल हट्ट धरतं म्हणून आणू नका. घरात एक मोठं माणूस "हा कुत्रा माझा" म्हणायला तयार असेल तरच आणा. कुत्रा दहा-बारा वर्षं किंवा जास्तही जगतो, तोवर मूल शिकायला पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेलं असतं. घर भाड्याचं असेल तर घरमालकांशी आधी बोला. दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येतो. एकदा घेतल्यावर तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी तुमची.

सगळं आयुष्य मोकळं हिंडलेला मोठा कुत्रा साखळीला बांधला की बिथरतो. अशाला गल्लीतच ठेवून सांभाळणं मला जास्त बरं वाटतं. करियाला आम्ही घरी आणलं नाही. तो दिवसभर गल्लीचा आणि पावसात आमच्या ओट्यावर. मात्र रानालगतच्या गावात असाल तर रात्री कुत्र्याला आडोसा हवाच. बिबट्या कुत्र्यांना हेरतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरातच, गोल्फ मैदानाच्या भागात बिबट्या फिरत होता आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली होती, हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

"गावठीच आहे की" असं म्हणून मुलाचं मन मोडणारे भेटतात. मुधोळ आपल्यापासून लांब नाही. तिथल्या शिकारी कुत्र्यांची जात घोरपडे राजांनी जपली, तिच्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. आपल्या मातीतला कुत्रा कमी दर्जाचा नसतो, हे मुलाला यावरून सांगा.

१०. हाताशी ठेवायची कागदपत्रं आणि सामान

- कुत्र्याचे दोन्ही बाजूंचे आणि कानाचे फोटो, मोबाइलमध्ये तारखेसह
- कुत्र्याचं लसीचं पुस्तक, त्यात डॉक्टरांची सही-शिक्का आणि पुढची तारीख
- मुलाचं आधार कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड (धनुर्वाताची नोंद बघून ठेवा)
- महापालिकेला किंवा पंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच
- साबण, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, चिमटा
- मऊ गळपट्टा, दोरी, पाण्याचं जड भांडं
- जवळचं आरोग्य केंद्र, सिव्हिल आणि जनावरांचे डॉक्टर यांचे नंबर, मुलाला दिसतील असे भिंतीवर

११. मुलाचा एकटेपणा कुत्र्यावर सोडून देऊ नका

कुत्रा मुलाला वेळ देतो, ऐकून घेतो, चुका काढत नाही. हे खरं आहे आणि ते लहान नाही. पण मूल कुत्र्याकडे का गेलं, हा प्रश्न तिथंच उरतो. आमच्या मुलाला संध्याकाळ मोठी वाटत होती. म्हणून त्याच्या बाबांनी पाळी बदलून घेतली आणि आठवड्यातले काही दिवस लवकर यायला लागले.

कुत्र्याच्या निमित्ताने माणसं जोडता येतात, ती जोडून द्या. लसीच्या दिवशी गल्लीतल्या पोरांना बोलवा. पाण्याचं भांडं भरायच्या पाळ्या लावा आणि त्यात दुसऱ्या घरांतली मुलंही घ्या. अर्ज लिहून देणाऱ्या ताईकडे आमचा मुलगाच कागद घेऊन गेला होता. पुढे तिच्याकडेच तो कन्नडचा अभ्यास करायला जायला लागला. खेळात शिरायला जे जमत नव्हतं ते "करियाला आज कोण पाणी देणार?" यावरून जमलं.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेत जायला रोज रडत असेल, किंवा माणसांशी बोलणंच बंद केलं असेल तर ते कुत्र्याने भरून निघणारं नाही. शाळेतल्या बाईंशी बोला. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा फुकट नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही मनोरुग्णांसाठीची मोठी सरकारी संस्था आहे. तिथं जाण्यात कमीपणा नाही. मुलाला कुणी मारत असेल, छळत असेल असं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

१२. कुत्रा दिसेनासा झाला तर

रस्त्यावरच्या कुत्र्याचं आयुष्य धोक्याचं असतं. असं होऊ शकतं हे मुलाला चांगल्या दिवसांतच थोडं थोडं सांगून ठेवा.

दिसला नाही तर आधी महापालिकेत किंवा पंचायतीत विचारा की या भागात गाडी फिरली का. नसबंदीला नेला असेल तर फोटो आणि अर्जाची पोच दाखवून कधी सोडणार, ते विचारता येतं. कुणी मुद्दाम मारलं किंवा विष घातलं असा संशय असेल तर पोलिसात तक्रार करा. प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

आजारी होऊन मेला असेल, आणि लाळ, लोंबता जबडा, लडखडणं असं काही शेवटी दिसलं असेल, तर मेलेल्या कुत्र्याला हात न लावता जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. मागच्या काही दिवसांत त्याला हाताळलेल्या प्रत्येकाला, तुमच्या मुलासकट, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

गाडीखाली गेला असेल तर "गावाला गेला" असं सांगू नका. मूल रोज वाट बघत बसतं. मेला, हे मेला याच शब्दात सांगा. त्याला पुरायला यायचं असेल तर येऊ द्या. लगेच दुसरं पिल्लू आणून देऊ नका, मुलाने विचारलं तर बघा. आणि विचारलं, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कुत्र्यांना फुकट लस देतात. ती तारीख कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवा.